चावलेलं खोडरबर

मोबाइल खाली ठेवा आधी. कुणाच्या हातात उजेड दिसला तर मी उठून जाईन. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या घड्याळांच्या दुकानाला लागून ज्याचा गाळा होता, त्या खटपट्याची आहे; गाळा अजून आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. हाताला गुण होता, पण नियत खोटी.

तारीख सोळा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री पावणेनऊला एका बाईंचा फोन आला. कॉम्प्युटर सुरू होत नाही, नुसता बीप बीप करतोय. त्यांची आठ वर्षांची लेक वर्षापूर्वी तापाने गेली होती. तिचे सगळे व्हिडिओ त्यातच होते, दुसरीकडे कुठेच नव्हते.

खटपट्या गेला. बीप ऐकूनच त्याला कळलं की रॅमच्या पट्टीवर मळ बसलाय. खोडरबराने घासली की झालं काम. नेमकं खोडरबर तो दुकानात विसरला होता.

बाईंनी लेकीच्या कंपासपेटीतून एक काढून दिलं.

"जपून हं, भाऊ. चावायची सवय होती तिला. हे बघा दात. पुढचा एक पडला होता ना, म्हणून मध्ये फट आहे."

"बरं बरं. जरा पाणी आणता का?"

बाई आत गेल्या. याने पट्टी घासली, बसवली, बटण दाबलं. स्क्रीन उजळली. फटीच्या दातांची पोर समोर हसत होती. आणि या गृहस्थाने काय केलं? बंद केला! मळ होता म्हटलं तर हातावर काय पडणार? त्याला नवी डिस्क विकायची होती. त्याचा हा नेहमीचा धंदा मला ठाऊक होता. मी गप्प बसायचो, तेही सांगून टाकतो.

"डिस्क गेली, ताई."

"व्हिडिओ?"

"सगळं गेलं."

"निदान तिचा आवाज... नुसता आवाज तरी?"

"नाही म्हटलं ना!"

बाई रडल्या नाहीत. कॉम्प्युटरच्या रिकाम्या डब्यावर हात ठेवून बसून राहिल्या. याने डिस्क पिशवीत टाकली, खोडरबर सवयीने खिशात.

हे आणि पुढचंही त्यानेच मला सांगितलं. रात्री अकरा वीसला शटर अर्धं ओढून तो डिस्कवरचं सगळं पुसायला बसला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला खपवायची होती. निम्मी पुसून झाली, आणि स्पीकरमधून आवाज आला.

"आई, ऐकतेस ना?"

स्पीकर फळीवर होता. वायर गुंडाळलेली.

थांबवायला याने हात पुढे केला... आणि मागे घेतला. आता निम्मी तर गेलीच आहे, म्हणाला.

"आई..."

नव्वद टक्के.

"आ..."

शंभर.

मग काही नाही. पंखासुद्धा बंद.

बराच वेळ...

मग अगदी कानाशी. गरम श्वास.

"काका... माझं खोडरबर?"

सकाळी शटर मी वर केलं. तो खुर्चीत बसलेला होता, डोळे उघडे. त्याची बायको आणि दहा वर्षांची मुलगी माझ्या मागेच होत्या. पोर धावत गेली, "बाबा, बाबा" म्हणून हलवू लागली. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"ही बोलत का नाही गं?" त्याने बायकोला विचारलं.

कानाचे डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. खरंच आहेत. माझ्या दुकानातली टिकटिक त्याला भिंतीपलीकडून ऐकू येते. बायकोचं बोलणं येतं, रस्त्यावरचं कुत्रं येतं. फक्त लेकीचा आवाज येत नाही. चार वर्षं झाली. ती बिचारी वहीत लिहून दाखवते.

डिस्क कोरी निघाली. त्या बाईंकडे जायचं माझं धाडस झालं नाही.

बघायचं असेल तर उद्या त्याच्याकडे जा. डाव्या कानाची पाळी बघा. इवल्या दातांची ओळ आहे, अजून ताजी... मध्ये एका दाताची फट.