अडतीस डिस्क

इस्पितळाच्या संगणकातून आठवडाभराचे रक्ताचे अहवाल सकाळी दहाला नाहीसे झाले. अकराला सिस्टिम सांभाळणाऱ्या ताईच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. बाराला तिच्या भावाने अक्कांना गाठलं. अक्का खाजगी तपास करायच्या. सोबतीला त्यांचे भावजी, निवृत्त हेडमास्तर. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नसे.

"मी फक्त क्लेम काढला," ताई म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. "ॲप क्लस्टरकडे, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांकडे, डिस्क मागतं, तो क्लेम. अहवालांचं ॲप दुसरीकडे हलवायचं होतं. क्लेम गेला तरी डिस्क राहील, असं साहेबच म्हणाले होते."

"खोली सोडली तरी सामान तिथंच?" भावजी.

"तसंच."

साहेब तिचे वरिष्ठ. त्यांनी संगणकाचा पडदा अक्कांकडे वळवून दाखवला. "डिस्क ज्यावरून बनतात तो स्टोरेज क्लास. क्लेम गेल्यावर डिस्कचं काय करायचं, हा त्यातला नियम महिन्यापूर्वी मी 'पुसा'चा 'ठेवा' केला. चाळीसही डिस्क तपासून इस्पितळाच्या संचालिकाबाईंना तसं सही करून दिलंय. मग डिस्क पुसली कुणी? हिनंच, हाताने."

व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळणारे काका नोंदी चाळून म्हणाले, "पुसायचा हुकूम क्लस्टरच्या खात्यावरून आला. क्लेम निघाल्यावर पुढच्याच सेकंदाला."

अक्कांनी उरलेल्या डिस्कची यादी छापून घेतली. भावजींनी ती मोठ्याने वाचली. "एकोणचाळीस. सगळ्या दोन वर्षांपूर्वीच्या. पहिलीपुढे 'ठेवा', बदल साहेबांच्या खात्यावरून. बाकी सगळीकडे 'पुसा'. छपाई चुकली वाटतं."

"छपाई बरोबर आहे, भावजी."

संचालिकाबाईंच्या खोलीत अक्का उभ्यानेच बोलल्या.

"क्लास म्हणजे विटेचा साचा. साचा बदलला तर पुढची वीट बदलते, भाजून झालेली नाही. अहवालांची डिस्कही दोन वर्षांपूर्वीची, तिला जुनाच नियम चिकटलेला. क्लेम निघाला आणि क्लस्टरने ती आपणहून पुसली. एका सेकंदात माणसाच्या हातून हे होत नाही."

"साहेबांना हे ठाऊक नसेल," भावजी म्हणाले.

"ठाऊक होतं. जुनी डिस्क एकेक करून हाताने बदलावी लागते. त्यांनी पहिली बदलली, मग कंटाळले, आणि सही ठोकली चाळीसांवर."

साहेबांनी मान खाली घातली.

"चोराच्या उलट्या बोंबा," भावजी पुटपुटले. त्यांना मनापासून राग आला होता.

संचालिकाबाईंनी निलंबनपत्राची प्रत फाडली आणि नुकत्याच दारात पोचलेल्या ताईला म्हणाल्या, "आजपासूनच कामावर ये."

"आधी उरलेल्या अडतीस बदलते," ती म्हणाली. "मग त्या आठवड्यातल्या रुग्णांना मीच फोन करते. बिचाऱ्यांना परत सुई टोचून घ्यावी लागणार."