आतून पडलेला अडसर

वाळवणघराचा अडसर दाणकन पडल्याचा आवाज आला, तेव्हा हवालदार मर्डो भिंतीअलीकडच्या खोलीत फर्गसबरोबर चहा पीत होता. युइस्ट बेटावरच्या त्या कारखान्यात फर्गस समुद्रशेवाळातल्या चिकट अर्काचा, अल्जिनेटचा, दोरा काढायचा.

हाका मारूनही दार उघडेना, तेव्हा ते फोडावं लागलं. आत मुकादम गिलख्रिस्ट डोकं फुटून मेलेला. पोत्यांवर म्हातारा लॅखलन भेदरून बसलेला. खिडकीला गज.

"काका, आत आणखी कोण होतं?" मर्डोनं विचारलं.

"ठाऊक नाही रे. शेवाळ कापून आलो की मी रोज इथंच उबेला झोपतो. अडसराच्या आवाजानं जाग आली. दाराशी कुणी नव्हतं."

"मग अडसर भुतानं पाडला?"

अडसराचं टोक बुळबुळीत लागत होतं. वरच्या खिळ्यावर धुण्याच्या सोड्यात भिजवलेलं फडकं होतं. मर्डोनं ते वहीत टिपलं आणि म्हाताऱ्याला कोठडीत घातलं. उद्याची बोट त्याला मुख्य भूमीवर नेणार होती. तिकडे खुनाला फाशी होती.

सकाळी मर्डोची बायको पेगी धुण्यावरून तणतणत आली.

"तुझ्या फर्गसनं फुकट दिलेल्या दोऱ्यानं विजारीला ठिगळ लावलं. सोड्याच्या पाण्यात टाकली, तर ठिगळ वेगळं तरंगतंय."

"आणि दोरा?"

"विरघळला. नावालाही नाही."

मर्डो तसाच कारखान्यात गेला. त्यानं फर्गसला वाळवणघरात बोलावलं.

"गिलख्रिस्ट तुला कामावरून काढणार होता. तसं पत्र त्याच्या खिशात सापडलंय. काका झोपलेला बघून तू गिलख्रिस्टला मारलंस. अडसर उचलून तुझ्या दोऱ्यानं या खिळ्याला बांधलास, वर सोड्यात भिजवलेलं फडकं टांगलंस. बाहेरून दार ओढून घेतलंस आणि मला चहाला बोलावलंस. सोडा झिरपून दोरा विरघळला, अडसर पडला. साक्षीदार कोण, तर मीच गाढव."

"दोरा सोड्यात विरघळतो हे तुला कुणी सांगितलं?"

"पेगीच्या धुण्यानं."

फर्गसचा चेहरा पडला. "त्या बाईला बजावलं होतं मी, सोड्यात धुवू नकोस म्हणून."

मर्डोनं त्याला हातकड्या घातल्या.

ठाण्यात एक बाहेर आला, दुसरा आत गेला. कोठडीचा अडसर दाणकन पडला, तसा बाहेर उभा लॅखलन केवढा तरी दचकला. मर्डोला स्वतःची लाज वाटली.

"चल काका, घरी सोडतो."

"सोड. पण परत जाताना माझ्या घराचं दार उघडंच ठेव," लॅखलन म्हणाला.