ताणाचा दगड

सोमाजीच्या घरात कॅलेंडर होतं, पण त्याची सालं कीर्तनांवर ठरायची. म्हैस घेतली ती मढच्या महाराजांचा घसा बसला त्या साली. एकुलता लेक रामनाथ झाला तो लोणीच्या सप्त्यात मांडव उडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. निमगाव सावापासून चार कोसांच्या आत मृदंगावर थाप पडली, की हा माणूस खुरपं टाकून निघायचा. बायको लंकाबाई म्हणायची, "देवाला तुमचा कटाळा कसा येत न्हाई?"

त्याच्या बांधाला लागून माळ होता. माळावर कमरेएवढे अकरा दगड गोल करून उभे. पुण्याचे एक साहेब टेप लावून गेले होते. तीन हजार वर्षांचं काम आहे, कुणी केलं सांगता येत नाही, म्हणाले. गावाच्या लेखी ते टाळकरी. सप्त्याचं काल्याचं कीर्तन तिथंच व्हायचं. महाराज मधोमध आणि एकेका दगडापुढं एकेक टाळकरी. हंडी फुटली की काला आधी दगडांपुढं, मग माणसांच्या हातात. तो वाढायचा मान सोमाजीच्या घराचा.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात रामनाथनं माळाशेजारच्या आपल्या द्राक्षबागेवर मांडव उभा केला. बागेच्या टोकाच्या खांबाला तारेनं ओढून धरायला जमिनीत जड दगड पुरावा लागतो, ताणाचा दगड. एका कोपऱ्याला दगड कमी पडला. रामनाथनं ट्रॅक्टरला साखळी लावली आणि माळावरचा एक ओढून आणला.

सोमाजीनं पाहिलं तोवर खड्डा बुजला होता.

"आबा, धा हायेत की अजून," रामनाथ हसला. "त्यांना काय, टाळ वाजवायचाय का?"

सोमाजीला बोलायचं होतं. पण पोरानं दोन वर्षं राबून बाग इथवर आणली होती. तो गप्प बसला. पुढं त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

पावसाळा सरला, छाटणी झाली. रामनाथचे हात मोरचुदाच्या फवारणीनं कायम निळे असायचे. सदऱ्याचे खांदेही निळे. कामाला आलेल्या चिमाबाईनं एकदा सोमाजीला विचारलं, बाग कुणाला खंडानं दिलीय का, मालक दिसत नाही. रामनाथ तिच्यापासून चार हातांवर उभा होता.

"काकू, मी काय बुजगावणं हाय का?"

चिमाबाई दचकली, मग खूप हसली. ऊन डोळ्यांवर आलं, म्हणाली. ऊन तिच्या पाठीवर होतं.

मग सप्त्याच्या पंगतीचं आमंत्रण आलं, तुम्ही दोघं या म्हणून. मग सप्त्याच्या सहाव्या दिवशी महाराज रांगेतल्या प्रत्येकाला उराशी धरत आले आणि रामनाथवरून पुढं गेले. त्यानं हात पसरले होते. सोमाजीनं ते पसरलेले हात पाहिले.

त्या संध्याकाळी लंकाबाईनं दोन ताटं वाढली. रामनाथनं फळीवरून आपलं ताट घेतलं आणि बसला. लंकाबाई त्याच्याकडं बघत राहिली, बघत राहिली, आणि पदर सावरून नवऱ्याला हळूच म्हणाली, "पावणं कुठलं?"

रामनाथचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सोमाजीनं तिला नारायणगावला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी नावं विचारली. तिनं माहेरची सात भावंडं सांगितली, शेळ्यांचीही नावं सांगितली. मुलंबाळं विचारल्यावर म्हणाली, देवानं दिलं न्हाई. ती रडली नाही की अडखळली नाही.

परतताना एस.टी.त सोमाजीनं ठरवलं, आपण विसरायचं नाही. गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि एकेका मण्यावर पोराचं नाव घेऊ लागला. रामनाथ, रामनाथ. चाळीस वर्षांची सवय बोटांना होती. आळे फाट्यापर्यंत नाव नीट चाललं. पुढं ते मण्यांवर झिजत गेलं आणि घराजवळ आला तेव्हा ओठांवर नुसतं राम, राम चाललं होतं. मन मात्र छान शांत झालं होतं. त्या शांतपणाचीच त्याला भीती वाटली.

घरी पोरगा उंबऱ्यावर बसला होता. "आबा," तो म्हणाला, "माजं नाव घ्या."

सोमाजीला क्षणभर वेळ लागला. घेतलं, पण वेळ लागला. पोरानं तो मोजला असावा. उठून म्हणाला, "सकाळी दगूड मागं नेऊन उभा करू. काल्याच्या आधी."

काल्याच्या दिवशी तांबडं फुटताच दोघांनी बागेचा कोपरा खणला. तार सुटताच मांडव कण्हला आणि एका बाजूला झुकला. दगड वर आला. थंडी एवढी, पण तो अंगासारखा कोमट होता. पोरानं साखळी बांधली, ट्रॅक्टर माळावर नेला. माणसं जमू लागली होती. कुणी त्याला रामराम केला नाही. ट्रॅक्टरकडं मात्र सगळे बघत होते.

वर्तुळातली रिकामी खाच तशीच होती. पोरगा तिच्यात उतरला.

"तुमी व्हा म्होरं. टाळ घ्या," तो म्हणाला. "म्या बगतो."

"मला थांबू दे."

"आबा, कीर्तन चुकंल तुमचं."

सोमाजी गेला.

कीर्तन फार रंगलं. महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्या अशा सोडल्या, की माणसं रडत हसत होती. सोमाजी डोळे मिटून टाळ वाजवत होता. पाठीमागून कुणीतरी नेमकी साथ करत होतं, जरा नवखी, जरा घाईची. त्याला ती फार आवडली.

हंडी फुटली. तो पातेलं घेऊन निघाला. एकेका दगडापुढं मूठ ठेवत, माउली, माउली म्हणत. मोजायचं नसतंच.

माळाच्या कडेला कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा होता. त्याच्यामागं साखळीत बांधलेला एक दगड आडवा पडला होता. कुणी कशाला आणला कोण जाणे.

वर्तुळ पुरं होतं. कुठंही खाच नव्हती.

एका दगडाशी त्याचे पाय थांबले. पायथ्याची माती ओली होती. वरच्या कडेला निळसर डाग होते, दोन्ही अंगांना, खांद्यावर असतात तसे. त्यानं काला ठेवला आणि का कुणास ठाऊक, त्या डागांवरून हात फिरवला. दगड कोमट होता. ऊन लागलं असेल.

सगळ्यांना वाढून झालं तरी मुठीत थोडा काला उरला. न आलेल्या माणसासाठी घरी न्यायचा म्हणून तो वेगळा धरला होता, एवढं आठवत होतं. माणूस आठवेना.

वाटेत शेजारचा सावळाराम भेटला. बागेचा मांडव झुकलाय, घड खाली टेकलेत, म्हणाला.

"कुणाची बाग?" सोमाजीनं विचारलं.

"आता जिभेवर व्हतं," म्हणत सावळाराम डोकं खाजवत पुढं गेला.

घरी लंकाबाईनं ताटं वाढली होती. तीन. ती तिसऱ्या ताटाकडं बघत उभी होती.

"कुणी येणार हाय का, वं?"

"न्हाई."

"मग म्या हे का वाढलं?"

सोमाजीनं मूठ उघडली आणि उरलेला काला तिसऱ्या ताटात ठेवला. त्याची बोटं निळी झाली होती.