चौथा पंखा

मी चित्रपट संग्रहालयात गेलो होतो तो एका जुन्या चित्रपटाच्या नामावलीचा कागद द्यायला. पाच मिनिटांचं काम होतं.

चित्रपट मूक जमान्यातला, ऐतिहासिक. दरबार, जरीचे झगे, लाकडी तलवारी. त्याची जीर्ण रिळं संग्रहालयाने नीट करून घेतली होती आणि नव्या प्रतीची नामावली तयार करायचं काम माझ्या बायकोकडे होतं. तिला लहानपणापासून ऐकू येत नसे. ती ओठांवरून बोलणं वाचायची. मूकपटातली माणसं नुसतेच ओठ हलवत नाहीत, खरंच काहीतरी बोलत असतात, हे मला तिच्यामुळे कळलं.

"राणी प्राण सोडताना काय म्हणते, सांगू?" तिने एकदा हसत खुणांनी विचारलं होतं. "जोडा चावतोय म्हणते."

दासीचं मोठं काम एका गोऱ्या नटीने तोंडाला काजळी फासून केलं होतं. तिचं नाव ठळक अक्षरांत. खऱ्या काळ्या बायका चौघी होत्या, सिंहासनामागे मोठाले पंखे ढाळत उभ्या. नामावलीत त्या 'इतर'. त्या एकमेकींना मारत असलेल्या हाका वाचून बायकोने तिघींची नावं वहीत उतरवली. चौथी चित्रपटभर पाठमोरीच उभी. बाकीच्या तिला नुसतं 'अगं' म्हणत. वहीत तिच्यापुढे रिकामी जागा होती. ती भरायच्या आत बायको गेली. मी कागद घेऊन गेलो त्या दिवशी त्याला चार महिने झाले होते.

"आता कशाला खोलात शिरता?" संग्रहालयाचे साहेब तिची वही चाळून समजुतीने म्हणाले. "'आणि इतर' लिहून टाका. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही."

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी तसं लिहून सही केली.

"शेवटचं रीळ बघून जाता का?" मशीन चालवणारे काका म्हणाले. "वहिनींनी शेवटी हेच बघितलं होतं."

खोलीत जुन्या फिल्मचा आंबट वास होता. काकांनी दिवा मालवला. दरबार उजळला, राणी येऊन बसली. तिच्यामागे चार पंखे संथपणे हलत होते. ते धरायला कोणी नव्हतं.

"काका... पंखेवाल्या कुठायत?"

काका पडद्याजवळ जाऊन बघून आले. "सकाळी होत्या," ते म्हणाले.

मी कागद मागून आणला, 'आणि इतर' खोडलं आणि वहीतली तिन्ही नावं लिहिली. काकांनी रीळ पुन्हा लावलं. तिघी परतल्या होत्या. चौथा पंखा अजून एकटाच हलत होता.

तिघींच्या खाली, चौथीच्या रिकाम्या जागेत मी माझ्या बायकोचं नाव लिहिलं. जागा भरायची म्हणून नव्हे. मला बायकोला एकदा बघायचं होतं.

तिसऱ्यांदा रीळ लागलं तेव्हा चौथ्या पंख्यापाशी एक पाठमोरी बाई उभी होती. सैल अंबाडा, डावा खांदा किंचित खाली. मी तो खांदा वीस वर्षं ओळखत होतो. ती वळली. तिचे ओठ हलले. तेवढं वाचायला मी तिच्याचकडून शिकलो होतो.

"ही तिची जागा आहे... मला काढ."

मी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. नाव खोडलं नाही.

चित्रपट लागून आता वर्ष होत आलं. मी दर रविवारी संग्रहालयातल्या दुपारच्या खेळाला जातो. ती वळते आणि तेच म्हणते. हल्ली तिचा पंखा मागे पडतो; हात भरून येत असावेत. "पुढच्या आठवड्यात खोडायला सांगतो," मी अंधारात पुटपुटतो.

घरी येऊन लिहायला बसतो. खिडक्या लावलेल्या, छताचा पंखा बंद. तरी मानेवर वारा येतो, संथ, एका लयीत. काल मी मान न वळवता कपाटाच्या काचेत बघितलं. खुर्चीमागे एक बाई पाठमोरी उभी होती, दोन्ही खांदे एका रेषेत.

तिला हाक मारायला दुसरं नाव कोणालाच ठाऊक नाही.

"अगं..." मी म्हणालो.

वारा थांबला.