क्रेनच्या खिडकीचा पडदा

माप

ताईनं पिशवीतला पडदा काढला, झटकला आणि खोलीच्या चारही भिंतींवरून नजर फिरवली... खिडकीच नव्हती!

होते ते एकावर एक रचलेले लोखंडी पलंग. त्यातला वरचा तिच्या धाकट्या भावाचा, तोही फक्त दिवसा. रात्री तो बंदरावर क्रेन चालवायला गेला की त्याच गादीवर दुसरा कामगार झोपायचा.

उसवण

गावी दोन खोल्या, अंथरुणाला खिळलेली आई आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून मांडलेलं दुकान एवढं सांभाळत ताई आतल्या आत धुमसत होती. भावाला गावच्या दुप्पट पगार, मोठ्या खिडकीची खोली, आणि घरी पाठवायचं चिमूटभर? आईला घेऊन जा, नाहीतर नातं संपलं, असं सुनावायलाच ती आली होती. तरी रात्रपाळीवाल्याला उन्हात झोप कशी लागेल म्हणून माप मागवून पडदा शिवला होता... वेडी माया, दुसरं काय!

"मग हे माप कुठलं दिलंस?"

भाऊ पलंगाचा कठडा नखानं खरवडत राहिला. "क्रेनच्या केबिनचं. माझी खिडकी तेवढीच आहे, ताई."

मग एकेक बाहेर आलं. पगार दुप्पट, पण भाडं, बस आणि खाणावळ तो हातात टिकूच देत नव्हती. गावच्या गोदामात निम्म्या पगाराचं दिवसपाळीचं काम केव्हाचं मिळत होतं.

"आला का नाहीस?"

"पुढच्या खोलीत मी झोपलो, तर तुझं दुकान कुठे जाणार?"

ज्याला ती चैन समजून बसली होती, ती सगळी ओढाताण तिच्याचसाठी... डोळे भरून आले. पण शिंपीणच ती. चुकलेलं उसवायला कधी कचरली नव्हती.

"दिवसा खोली माझी, रात्री तुझी. वाटून झोपायची सवय आहेच की तुला. चल, सामान भर."

तो हसायला गेला आणि हमसून रडला.

शिवण

गावच्या खिडकीला पडदा फारच मोठा झाला, पार जमिनीवर लोळू लागला. ताईनं कात्री उचलली... आणि ठेवून दिली.

"माप चुकलं वाटतं, ताई?" कपडे न्यायला आलेल्या शेजारणीनं चिमटा काढला.

"माप बरोबर आहे," मशीनवरून मान वर न करता ताई म्हणाली, "खिडकी लहान आहे."