एक कोयता, एक दुर्बीण

भोरड्यांचे थवे परतीच्या वाटेला लागले, की दिंद्रुडच्या शिवारात सकाळी सकाळी आभाळ हलतं. ते दाखवायला धर्मराज सरांनी फाल्गुनात पक्षीफेरी काढली. सर गावात नवे, म्हणून वाट दाखवायला अंगदला बोलावलेलं.

उजाडताना सर माणसं मोजू लागले. "दोघांत एक दुर्बीण. अंगदराव, तुमचे किती?"

"एक कोयता," अंगद बोलून गेला.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बारा हंगाम जिभेला हेच वळण. सरांनी दोन माणसं लिहिली आणि दुर्बीण त्याच्या हाती दिली. सुरेखा मागच्या साली परमुलखात, फडावरच तापानं गेली. तिथंच तिला अग्नी दिला, घरी काही आणता आलं नाही. हे सांगायला अंगदची जीभ रेटेना. चार लोकांत ती मोजली गेली, एवढ्यानंच बिचाऱ्याला बरं वाटलं.

दुर्बीण त्यानं पहिल्याच बांधावर बाभळीला अडकवली. रानातल्या माणसाला पाखरं बघायला नळकांडं कशाला?

ज्वारीच्या कडेला सगळे दबून बसले. कुणी खोकेनासुद्धा. तोच ताटांतून आवाज आला...

"हाऽऽ... हुर्रर्र..."

थवा एकदम उठला. मागोमाग उसाच्या ओल्या पाचटाचा वास आला. या माळावर ऊस कुणी लावत नव्हतं.

शेवटचा 'र' असा लांबवून पाखरं हाकायची ती फक्त सुरेखा. अंगद ताटांत शिरला.

"आलीस का गं...?"

आत कुणी नव्हतं.

परतताना सर हसत जवळ आले. त्यांच्या हातात बाभळीला अडकवलेली दुर्बीण होती. "वहिनींनी थवा उठवला खरा, पण रागवायचं कसं? किती हौसेनं बघत होत्या! ही तुम्हाला द्यायला सांगितली. म्हणाल्या, 'मी व्हते म्होरं, चूल पेटवायची हाय.'"

अंगदनं दुर्बीण डोळ्यांना लावली. बसेना. दोन्ही नळ्या जवळ ओढलेल्या होत्या, अगदी अरुंद चेहऱ्याला बसतील अशा. "तुझ्या दोन डोळ्यांच्या मधी बोटबी मावत न्हाई," म्हणून तो तिला लई चिडवायचा.

नळ्या हलवायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं एकाच डोळ्यानं गावाकडं पाहिलं. त्याच्या छपरातून धूर निघत होता.

घराला कुलूप होतं. किल्ली त्याच्या करगोट्याला होती.