तीन गाठींचा गुंडा

ओजेलादेचा हातमाग माझ्या मागाला लागून होता, पोरांनो, म्हणून सांगतो. आपल्या विणकरांच्या इसेयिन गावातलीच गोष्ट, तीन वर्षांपूर्वीची. गुरुवारची रात्र. शुक्रवारी पहाटे त्यांच्या घराण्याचे पूर्वज गावात यायचे होते; घरातला एकजण झगा नि मुखवटा चढवून नाचतो, नि त्याच्या रूपाने ते येतात. दरवर्षी झग्याला एक नवी पट्टी लागते. ती पोचवायला ओजेलादे नऊ वाजता निघाला.

बाप वारल्यावर झगा कोणी घालायचा, याचा कौल लागला धाकट्या भावाला, ओजेवालेला. झगा त्याच्याकडे गेला. थोरला ओजेलादे आतल्या आत जळायचा. त्याने दोन पट्ट्या विणल्या. एक अशी, की राजाने मागावी. ती पेटीत, किल्ली कमरेला. दुसरी मुद्दाम ढिली. तीच घेऊन गेला.

"दादा, आणलीस?"

"आणली की. तुझ्यासारखा नाचणारा असल्यावर पट्टीकडे कोण बघतंय?"

"बाबा बघतात."

"तुझ्याकडेच बघतात ते. शिवतो मी. तुला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

त्यांचा बाप कधी रागवायचा नाही. पोराची वीण बिघडली, की रात्री गुपचूप सगळी उसवायचा. सुताचा गुंडा करून तीन गाठी मारायचा. सकाळी गुंडा पोराच्या मागावर. म्हणजे, पुन्हा विण.

ढिली पट्टी झग्याला शिवून ओजेलादे अकराला परतला. गल्लीत वीज नव्हती. त्याच्या मागाच्या छपरीतून आवाज आला.

खट... खट...

मागावरच्या धोट्याचा.

"कोण आहे?"

आवाज थांबला. दार बाहेरून बंद. कुलूप तसंच. त्याने उघडलं. कोणी नाही. मागासमोरच्या बाकाला हात लावला...

बाक उबदार होतं.

रात्रभर तो दारात बसला. आत गेला नाही. पहाटे ढोल वाजले, तसा तो बघायला गेला. पूर्वज आले. छातीवर झळकत होती ती चांगली पट्टी. पेटीतली.

काय म्हणालास? धाकट्याने बदलली? अरे, किल्ली थोरल्याच्या कमरेला होती!

तो धावत घरी आला. पेटीला कुलूप. आत काही नाही. आणि मागावर...

त्या ढिल्या पट्टीच्या सुताचा गुंडा. तीन गाठी.

ओजेवाले बघायला आला, तर थोरला दारात आडवा उभा. "बाबा माझ्याकडे आले होते. तुझ्याकडे नाही."

माग तेव्हापासून बंद आहे. गुंडा तिथेच. सख्ख्या भावालाही तो हात लावू देत नाही.